मार्नर गेल्यावर मेपल लीफ्स : यंदाचा हंगाम कसा जाईल?

निळेपान (धागाकर्ता), १५ सप्टेंबर २०२५

मंडळी, आइस हॉकीतल्या आपल्या टोरांटो मेपल लीफ्सचा सराव कॅम्प या आठवड्यात सुरू होतोय आणि ८ ऑक्टोबरला घरच्या बर्फावर मॉन्ट्रियलशी पहिली गाठ आहे. इथे टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडची बरीच मंडळी आहेत, भारतातूनही काही जण पहाटे उठून सामने बघतात. म्हणून धागा काढतोय.

उन्हाळ्यात लक्ष नव्हतं त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला स्टार विंगर (कडेने खेळणारा फॉरवर्ड) मिच मार्नर गेला. करार संपता संपता त्याला वेगास गोल्डन नाइट्सकडे पाठवलं, तिथे ८ वर्षांसाठी वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर. बदल्यात सेंटर (मधला फॉरवर्ड) निकोलस रॉय आला. यूटाहकडून मातियास मॅचेली आणि व्हँकुव्हरकडून डकोटा जोशुआ घेतले. जॉन टवारेस थांबला, ४ वर्षं आणि वर्षाला ४३ लाख ८० हजार; आधी तो १ कोटी १० लाख घेत होता! मॅथ्यू नाइजला ६ वर्षांचा करार मिळाला. पॅचिओरेट्टी आणि होल्मबर्ग गेले, रीव्ह्जला सॅन होजेला पाठवलं. वरती अध्यक्ष शानाहानही नाही आता, सगळा कारभार जनरल मॅनेजर ट्रेलिव्हिंगच्या हाती.

माझं मत सांगतो. गेल्या वर्षी ५२ विजय, १०८ गुण, अटलांटिक गटात पहिला नंबर. यंदा तेवढे गुण होणार नाहीत. ९५ ते १०० धरून चला. पण मे महिन्यात, म्हणजे बाद फेरीत, खेळायला हा संघ गेल्या वर्षीपेक्षा बरा बांधलाय असं मला मनापासून वाटतं. गेल्या मे मध्ये फ्लोरिडाने आपल्याला कुठे मारलं आठवा. मार्शंड, लुंडेल, लुओस्टारिनेन ही त्यांची *तिसरी* फळी होती. आपली तिसरी फळी त्यांच्यासमोर दिसलीच नाही. रॉय आणि जोशुआ हे त्याचं उत्तर आहे.

तर प्रश्न असा : मार्नरची जागा कोण भरणार? आणि एकाच माणसाने ती भरायची गरज आहे का?

---

आकडेबाज

धागा काढल्याबद्दल आभार, पण मत अजिबात पटलं नाही.

गेल्या हंगामात मार्नरचे २७ गोल आणि ७५ असिस्ट (गोलला कारणीभूत ठरलेले पास), दोन्ही मिळून १०२ गुण. लीफ्सकडून ६५७ सामन्यांत ७४१ गुण. असा माणूस गेला आणि बदल्यात तिसऱ्या फळीचा सेंटर आला, त्याला 'बांधणी सुधारली' म्हणायचं? मार्नर नुसता पास देणारा नव्हता. पेनल्टी किलवर (आपला माणूस शिक्षा होऊन बाहेर असताना) पहिला तोच उतरायचा, शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलची आघाडी राखायलाही तोच. रोज २१ मिनिटांच्या वर बर्फावर असायचा. ही मिनिटं कोण खाणार? मॅचेली पेनल्टी किल करत नाही. डोमीही नाही.

---

सरळसोट

बाद फेरीतला निर्णायक सातवा सामना : २०१८ हरलो. २०१९ हरलो. २०२१, २०२२, २०२४, २०२५ हरलो. २०२० मध्ये कोलंबसशी निर्णायक सामना पाचवा होता, तोही हरलो. तेच चार-पाच चेहरे, तीच अवस्था. आणखी किती वर्षं तोच प्रयोग करायचा? मार्नर उत्तम खेळाडू आहे, वेगासमध्ये तो चमकेल आणि मला त्याचा आनंदच होईल. पण इथे बदल हवाच होता.

---

मिसिसागाकर

सरळसोट +१. आणि टवारेस आमच्या गावचा, त्याच्याबद्दल एक शब्द वाकडा ऐकून घेणार नाही :) गेल्या वर्षी ३८ गोल केले त्याने, आणि इतक्या कमी पैशात थांबला. येत्या २० तारखेला ३५ पूर्ण करतोय.

---

खडकीवाला

मंडळी, मी पुण्याहून. आम्ही खडकीची माणसं, हॉकी म्हटलं की डोळ्यांसमोर धनराज पिल्लै आणि टर्फ. भाचा टोरांटोला शिकायला गेल्यापासून हे बर्फावरचं प्रकरण बघायला लागलोय. वेग बघून चक्रावायला होतं. 'तिसरी फळी' म्हणजे काय हे कुणी नीट सांगेल का? आणि एवढा मोठा खेळाडू देऊन बदल्यात एकच माणूस का? अजून चार मागता आले नसते?

---

निळेपान

खडकीवाले काका, स्वागत! एका वेळी बर्फावर पाच जण आणि गोली. त्यातले तीन फॉरवर्ड मिळून एक फळी, अशा चार फळ्या. बचावपटूंच्या तीन जोड्या. पूर्ण ताकदीने स्केटिंग करायचं तर पाऊण मिनिटात माणूस दमतो, म्हणून खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून पुढची फळी उतरते. पहिल्या दोन फळ्यांकडून गोलची अपेक्षा. तिसरी समोरच्यांच्या चांगल्या फळीला जखडून ठेवते आणि जमल्यास गोलही करते. फ्लोरिडाची तिसरी फळी दोन्ही कामं करत होती, तिथेच आपलं गणित बिघडलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर करारात आहे. १ जुलैला मार्नर मोकळा होणार होता. तो मोकळा झाला असता तर आपल्याला काहीच मिळालं नसतं. वेगासला आठ वर्षांचा करार द्यायचा होता, आणि आठवं वर्ष तेव्हा फक्त खेळाडूचा जुना संघच देऊ शकत होता. नवा संघ सातच देत होता. म्हणून आधी लीफ्सने करार केला आणि मग पाठवलं. त्या एका वर्षाच्या बदल्यात रॉय मिळाला. हातातून जाणारच होतं त्यातलं जेवढं वाचलं तेवढं वाचलं.

---

खडकीवाला

आता डोक्यात शिरलं. आमच्याकडेही खेळाडू सारखे आत-बाहेर होतात, पण कठड्यावरून उड्या नाहीत! तुमच्याकडे संध्याकाळी ७ ला सामना म्हणजे इथे पहाटे साडेचार. दूधवाल्याच्या आधी उठतो आम्ही.

---

बर्फाळ

आकडेबाज यांचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतायत, पण तो खरा आहे, जरा खोलात जाऊन सांगतो. वरच्या बाजूच्या स्वस्त जागांवरून बघितलं की टीव्हीवर न दिसणारी एक गोष्ट दिसते. मार्नर पक (रबरी चकती) घेऊन समोरच्यांच्या निळ्या रेषेपाशी यायचा आणि तिथे क्षणभर *थबकायचा*. सगळे पुढे पळतायत, हा थांबलाय. त्या थांबण्याने दोन बचावपटू त्याच्याकडे ओढले जायचे, आणि तेवढ्यात मॅथ्यूज डाव्या वर्तुळाकडे सरकलेला असायचा. पक त्याच्या काठीवर पोचायच्या आधी त्याचा शॉट सुरू झालेला असायचा. नऊ वर्षांची ती सवय आहे दोघांची.

ती सवय मॅचेलीला लागेल? पास देण्याची दृष्टी त्याच्याकडे आहे. २०२३-२४ मध्ये ॲरिझोनाकडून ५७ गुण केले, त्यात ४० असिस्ट. पण गेल्या वर्षी यूटाहमध्ये ५५ सामन्यांत १८ गुण आणि नंतर बाकावर. कुठला मॅचेली येतोय त्यावर बरंच अवलंबून आहे. डोमीला मॅथ्यूजशेजारी ठेवा असंही ऐकतोय. डोमीही पास देणाराच, पण गेल्या वर्षी ८ गोल.

माझी खरी काळजी पॉवर प्लेची (समोरच्यांचा माणूस शिक्षा होऊन बाहेर असतानाच्या खेळाची) आहे. गेल्या वर्षी पहिल्या युनिटवर पाचही फॉरवर्ड होते : मॅथ्यूज, नायलँडर, टवारेस, नाइज आणि वरून सगळं चालवणारा मार्नर. आता वरती कोण? बचावपटू रिएली परत येणार असं दिसतंय. रिएलीचा पास चांगला आहे, पण रेषेवरून आत शिरताना मार्नरकडे जी फसवणूक होती ती त्याच्याकडे नाही.

---

शब्दुली

बर्फाळ, सुरेख प्रतिसाद. 'थबकायचा' वाचून डोळ्यांसमोर आलं अगदी.

---

मार्खमची_आजी

मला तांत्रिक काही कळत नाही हो. मी नातवाबरोबर बघते. तो मुलगा आमच्या मार्खमचा, इथेच जन्मलेला, जवळच थॉर्नहिलला वाढलेला. घरच्या पोराने घरच्या संघाकडून खेळावं आणि त्याच्याच गावातल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवावी, हे मला मे महिन्यात बघवलं नाही. बर्फावर जर्सी फेकल्या लोकांनी! अंगातला कपडा काढून फेकायचा म्हणजे काय राग असेल. नातू माझ्याकडे बघत होता, मी काय सांगणार त्याला?

आता त्याच्याकडे १६ नंबरचा सदरा आहे. घालू की नको म्हणून विचारतोय. सुनेचं म्हणणं नवा घेऊ. तुम्ही सांगा.

---

सरळसोट

आजी, घालू दे बिनधास्त. मी बदल हवा म्हणालो तरी जर्सी फेकणं मला मुळीच मान्य नाही. पाचवा सामना घरच्या मैदानात १-६, सातवाही घरच्या मैदानात १-६. राग मलाही आला होता. पण त्या रात्री सगळा संघ वाईट खेळला आणि शिव्या एकाला पडल्या.

---

मिसिसागाकर

आजी, नवा घ्यायचाच असेल तर नाइजचा २३ घ्या. २२ वर्षांचा आहे, गेल्या वर्षी २९ गोल, आणि सहा वर्षं कुठे जात नाही. नातवाच्या अंगाला सदरा लहान होईल, पण नाइज इथेच असेल :)

---

आकडेबाज

हुर्यो उडवण्याचा परिणाम करारावर झालाच नसेल असं कोण म्हणेल? एखाद्याला आपल्याच गावात नीट श्वास घेता येत नसेल तर तो जाणारच. नेवाडात राज्याचा आयकर नाही हेही खरं, ऑन्टारियोत किती कापला जातो ते इथल्या सगळ्यांना पगाराच्या दिवशी कळतं. पण केवळ पैशासाठी गेला असं म्हणणं मला पटत नाही.

आणि निळेपान, पैशाचंच बोलायचं तर कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) ८ कोटी ८० लाखांवरून ९ कोटी ५५ लाखांवर गेली. मार्नरचे जवळजवळ १ कोटी ९ लाख मोकळे झाले. एवढी जागा असून पहिल्या फळीचा एकही विंगर आणता आला नाही. हा माझा खरा आक्षेप आहे, आणि त्यावर धाग्यात अजून कुणी बोललेलं नाही.

---

निळेपान

आकडेबाज, आक्षेप रास्त आहे. पण जुलैच्या बाजारात तसा विंगर होता कुठे? बहुतेक मोठी नावं आपापल्या संघात थांबली, कॅप वाढल्यामुळे सगळ्यांकडेच पैसे होते. ट्रेलिव्हिंगने घाईघाईत एखाद्या तिशीतल्या माणसाला सात वर्षं दिली नाहीत, हे मला शहाणपणाचं वाटतं. मार्चमध्ये, ट्रेड डेडलाइनच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेच्या) आसपास, दारं उघडतील. अर्थात तेव्हा द्यायला काय उरलंय हा प्रश्न आहेच. बचावपटू कार्लोसाठी पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडण्याचा हक्क) आणि तरुण मिन्टन आधीच बॉस्टनला दिलेत.

---

टिकाऊ_बचाव

सगळे फॉरवर्डवरच बोलतायत! टॅनेव्ह, मकेब, कार्लो, एकमन-लार्सन, बेन्वा, रिएली. सहाच्या सहा गेल्या वर्षीचे. टॅनेव्ह ३५ वर्षांचा आहे आणि अजूनही शॉटसमोर आडवा पडतो. प्रशिक्षक बरूबीच्या हाताखाली या लोकांनी गोलीसमोरची जागा ज्या पद्धतीने रिकामी ठेवली, तशी मी या संघात फार वर्षांत पाहिली नव्हती. पक बाहेर काढण्यात मात्र आपण कच्चे आहोत. मागून येणारा पहिला पास नीट बसला नाही तर मॅथ्यूजला अर्धा वेळ स्वतःच्याच अंगणात राहावं लागेल.

---

ब्रॅम्प्टन_बेकरी

शनिवारी आमच्या घरी पंजाबी समालोचनावर सामना लावतात, शेजारचे सिंगकाका येतात म्हणून. २००८ पासून चालू आहे ते. गोल झाला की घर हलतं. मराठीत कधी होणार? मी माइकसमोर बसायला तयार आहे.

---

शब्दुली

ब्रॅम्प्टन_बेकरी, 'मॅथ्यूजने पक घेतला, घेतला, घेतला… आणि लाल दिवाआआ!' आधी सराव करून ठेवा.

---

खडकीवाला

मराठी समालोचन झालं तर पहाटे साडेचारला अख्खी खडकी उठेल. आमची एक जुनी खंत सांगतो. हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या हंगामात, २०१३ ला, मुंबई मॅजिशियन्स होते. फार जीव लावला होता आम्ही. पण संघ टिकलाच नाही. तुमच्याकडे १९६७ पासून चषक नाही म्हणून लोक रडतात. अरे, तुमचा संघ तरी आहे! दर ऑक्टोबरला येतो. आमच्या पोरांनी भिंतीवर चिकटवायला काय ठेवलं?

---

निळेपान

काका, हे मनाला लागलं.

---

बर्फाळ, २४ सप्टेंबर

धागा वर काढतोय, कारण बातमी चांगली नाही. आपला गोली जोसेफ वोलने वैयक्तिक कारणासाठी रजा घेतलीय. घरचं जे काही असेल ते नीट होवो, खेळ नंतर. पण संघाच्या दृष्टीने मोठा धक्का आहे. गेल्या वर्षी ४२ सामने तो खेळला. दुसरा गोली स्टोलार्झ ३४ खेळला. स्टोलार्झ बर्फावर असतो तेव्हा त्याच्यासारखा कुणी नाही, सेव्ह टक्केवारी (अडवलेल्या शॉट्सचं प्रमाण) ०.९२६ होती. पण एका हंगामात पन्नास-साठ सामने तो कधीच खेळलेला नाही. आणि फ्लोरिडाविरुद्ध पहिल्याच सामन्यात बेनेटचा कोपर डोक्याला लागून बाहेर गेला तो परत उतरलाच नाही. त्या मालिकेत आपण २-० ने पुढे होतो.

यंदा फेब्रुवारीत मिलानला ऑलिंपिक आहे, २०१४ नंतर पहिल्यांदा या लीगचे खेळाडू जाणार. त्यासाठी सुट्टी दिल्यामुळे ८२ सामने कमी दिवसांत कोंबलेत. लागोपाठच्या दोन रात्री सामने आले की दुसरा गोली लागतोच. तरुण गोली हिल्डबी तयार आहे का?

---

टिकाऊ_बचाव

हिल्डबी उंच आहे, गुणी आहे, पण दोन महिने त्याच्या खांद्यावर टाकणं अवघड. आणि मॅथ्यूज, नायलँडर दोघंही ऑलिंपिकला जाणार. मॅथ्यूज गेल्या वर्षी दुखापतीतून पूर्ण बाहेर आलाच नाही. मधेच जर्मनीला जाऊन उपचार घेतले, ६७ सामने खेळला, ३३ गोल. त्याच्या आदल्या वर्षी ६९! मला वाटतं मार्नरपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. मॅथ्यूज धडधाकट असेल तर शेजारी कुणीही चालेल.

---

आकडेबाज

'कुणीही चालेल' हे नाही पटत, पण मॅथ्यूजची तब्येत सगळ्यात आधी, हे मान्य.

---

मिसिसागाकर, २६ सप्टेंबर

दोन बातम्या एकदम. फ्लोरिडाचा कप्तान बार्कोव्ह गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर, बहुधा अख्खा हंगाम. त्यांच्याच टकाचकची शस्त्रक्रिया आधीच झालीय, तो डिसेंबरपर्यंत नाही. दुसऱ्याच्या दुखापतीवर आनंद मानू नये, मानतही नाही, बार्कोव्हसारखा सभ्य खेळाडू विरळा. पण गट उघडा झालाय हे नाकारता येत नाही.

दुसरी : जेम्स रायमरला चाचणीसाठी कॅम्पमध्ये बोलावलंय.

---

सरळसोट

रायमर! २०१३, बॉस्टन, सातवा सामना, तिसऱ्या भागात ४-१ ने पुढे, आणि मग ५-४. त्या रात्री गोलमध्ये तोच होता. तेव्हा मी नुकताच इथे आलो होतो. खोलीतल्या मित्रांनी जबरदस्तीने बसवलं होतं, आणि सामना संपल्यावर कुणी काही बोलेना. मला कळेना एवढं काय झालं. आता बारा वर्षांनी कळतं. ३७ वर्षांचा झालाय तो. त्याला एक संधी मिळाली तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन.

---

मार्खमची_आजी

नातू कोवान कोवान म्हणून नाचतोय. हा कोण? लहान मुलगा आहे म्हणे.

---

बर्फाळ

आजी, ईस्टन कोवान. ऑन्टारियोतल्या लंडन नाइट्स या ज्युनियर संघाकडून खेळायचा, यंदा मे-जूनमध्ये त्यांनी ज्युनियर हॉकीचा मेमोरियल कप जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. २० वर्षांचा आहे. ऑन्टारियोतल्याच माउंट ब्रिजेसचा, शेतकरी घरातला. धावतो, भिडतो, पक सोडत नाही. त्याला सुरुवातीलाच घ्यावं की आधी मार्लीजकडे (लीफ्सच्या खालच्या लीगमधल्या संघाकडे) खेळवावं यावर दोन गट आहेत. मी म्हणतो आधी मार्लीज. चौथ्या फळीत आठ मिनिटं खेळून त्याचं काही भलं होणार नाही.

---

ब्रॅम्प्टन_बेकरी

असहमत. घ्या त्याला. गेल्या दहा वर्षांत या संघात तरुण रक्ताने किती सामने फिरवले? नाइजलाही असंच 'थांबा' म्हणत होते.

---

आकडेबाज, २९ सप्टेंबर

स्टोलार्झचा करार वाढवला. ४ वर्षं, वर्षाला ३७ लाख ५० हजार. बाजारभाव बघता फारच चांगला करार, ट्रेलिव्हिंगला याचे पूर्ण गुण.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आपण बरेच भटकलो. मार्नरची जागा कोण भरणार? माझा हिशोब : ७५ असिस्टपैकी ३५ मॅचेली आणि डोमी मिळून देतील. २७ गोलपैकी १५ रॉय. नाइज ३५ गोलपर्यंत जाईल. पेनल्टी किलवर रॉय, लॉटन, जोशुआ. जोशुआबद्दल आवर्जून लिहितो : गेल्या उन्हाळ्यात कर्करोगावर उपचार घेऊन तो परत उभा राहिला, त्या हंगामात ५७ सामने खेळला. आदल्या वर्षी १८ गोल होते त्याचे. पूर्ण उन्हाळा सराव करून आलेला जोशुआ वेगळा दिसेल. हे सगळं जमलं तरी तूट राहतेच, साधारण वीसेक गोलची. म्हणजे पाच-सहा विजय. म्हणजे ९६-९८ गुण. निळेपान, तुमच्याच आकड्यावर आलो, पण तुमच्या मे महिन्याच्या आशेवर नाही.

---

निळेपान

आकडेबाज, आकडा जुळला हे काय कमी आहे! मे महिन्याबद्दल माझं कारण परत मांडतो. गेल्या वर्षी समोरच्याने मॅथ्यूजची फळी रोखली की आपल्याकडे दुसरं काही नव्हतं. सहाव्या सामन्यात फ्लोरिडात जाऊन २-० जिंकलो, तो सामना परत बघा. चारही फळ्या खेळल्या होत्या. दोन दिवसांनी घरी परत एका फळीवर आलो. रॉयने २०२३ ला वेगासबरोबर चषक उचललाय, त्याला तसं खेळायची सवय आहे. सहा फूट चार इंच, उजव्या हाताचा सेंटर, फेस-ऑफला (पक टाकून खेळ सुरू करतात तेव्हा) उपयोगी. बरूबीला हवा तसाच.

---

टिकाऊ_बचाव

मॉन्ट्रियलला विसरू नका. डॉब्सन आणलाय त्यांनी, हटसन आणि डेमिडोव्ह आहेतच. पहिल्याच रात्री आपल्या तिसऱ्या फळीची परीक्षा होईल.

---

मिसिसागाकर, ५ ऑक्टोबर

उद्या कोजागरी, परवा जागरणाची झोप, बुधवारी सामना. ज्यांना तिकिटं मिळाली नाहीत आणि रीसेलचे भाव बघून घाम फुटलाय, त्यांच्यासाठी आमचं तळघर उघडं आहे. मोठा पडदा आहे. मसाला दूध उरलं तर तेही. मार्खमची आजी, नातवाला घेऊन या, १६ नंबर घालून आला तरी चालेल.

---

मार्खमची_आजी

येते. मी चकल्या करून आणते. नातवाने दोन्ही सदरे पिशवीत भरलेत, तिथे आल्यावर ठरवतो म्हणतोय.

---

खडकीवाला

आमचा गजर गुरुवारी पहाटे चारचा लावलाय. मॅथ्यूजच्या उजवीकडे कोण उतरतंय ते पहिल्या शिफ्टलाच इथे कळवा, मी चहा टाकेपर्यंत ती संपलेली असते.